बर्फातला ताड

सकाळी पडदा सारला, तर अंगणातल्या माझ्या वीतभर ताडावर बर्फ साचलेला. या परदेशी गावातली थंडी सोसणाऱ्या जातीचा ताड, म्हणून मी त्याचं बी आणलं होतं. मी कोकणातली. नारळ लावताना खड्ड्यात मीठ घालायचं, हे माझ्या हातांना पाठ. त्याच हातांनी कुंडीतही मूठभर मीठ घातलं आणि पहिल्या सगळ्या बिया मारल्या. दुसऱ्या खेपेला मीठ घातलं नाही. चार महिने नुसती काळी माती बघत बसले, तेव्हा कुठे एक हिरवं टोक वर आलं.

इथे आल्यापासून जो तो सांगतो, इथल्यासारखं व्हायला शिक. शिकले की! मीठ सोडलं. पण ताड सोडणार नाही.

बाहेर जाऊन मी बोटांनी बर्फ झटकला. वाकलेलं पान हळूहळू सरळ झालं.

दारातून नवरा हसला. "अगं, याची सावली पडेपर्यंत आपण म्हातारे होऊ."

"या थंडीत सावली हवीय कोणाला? मला वाऱ्यात झावळ्यांची सळसळ ऐकायचीय. ती ऐकल्याशिवाय मी काही म्हातारी होत नाही."