बोटीचा बावटा आणि बायकोचं बारावं

बोटीवरच्या जुन्या सोबत्याचा फोन आला तेव्हा मी सुतकात होतो. बायको वारली होती. तो म्हणाला, "आपली बोट सेवेतून काढतात. शेवटचा बावटा उतरवणार. जुन्या माणसांना बोलावलंय. येतोस?" मी दिवस विचारला. नेमका बाराव्याचा. मुंबईच्या गोदीत बावटा आणि इकडे गोव्यात, पेडण्याला बारावं. माणूस एक.

बोट नौदलाची, पण लढाऊ नव्हे. माल नेणारी. आधी कुठल्या तरी व्यापाऱ्याची होती म्हणे. नौदलाने घेतली, राखाडी रंग दिला आणि ती सरकारी झाली. मी तिच्यावर मुलकी नोकर, विंचवर. दोर ओढणाऱ्या त्या यंत्राने माल उचलायचा, खाली ठेवायचा. शाळा चौथीपर्यंत. विंचला तेवढी पुरते.

तिने काय नेलं ते विचारू नका. अंदमानला सिमेंट, डिझेलची पिंपं, तांदूळ. रेडिओवर लढाई लागल्याची बातमी आली तेव्हा आम्ही बटाटे उतरवत होतो. ते झाल्यावर कांदे उतरवले. एकदा बेटांवर वादळ झालं, तेव्हा पाणी आणि तंबू नेले. एकदा गाई नेल्या. पोटाखाली पट्टे बांधून एकेक उतरवली. नोकरीत तेवढाच एक दिवस मी विंच अगदी सावकाश चालवला. सिमेंट हंबरत नाही. म्हातारपणी बोटीचं इंजिन वरचेवर बसायला लागलं आणि दुसऱ्या बोटी तिला ओढून आणायच्या. मग मी निवृत्त झालो. ती आणखी चालली.

बायकोने बोट फक्त फोटोत पाहिली. म्हणाली, "जरा बरा रंग मिळाला नाही?"

पण प्रत्येक खेपेआधी देवळात प्रसाद लावायची, म्हणजे देवाचा कौल घ्यायची, तीच. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "बोट सुखरूप येतली मरे?" एवढंच तिचं गाऱ्हाणं. डावी पडली की ही परत विचारायची. भट वैतागायचा, "बाये, देवाक दुसरीं कामां नात काय गे?"

"आसतलीं. पयलें माजें करूं दी."

आता जाऊ की नको ते मलाच सुचेना. सुतकात देवळात पाय ठेवता येत नाही. मेव्हण्याचं, म्हणजे तिच्या भावाचं, सुतक तीन दिवसांत सुटलं होतं. त्याला म्हटलं, तू जा आणि विचारून ये.

तो धावतच परत आला. "भावजी, उजवी पडली! फटकन!"

"विचारलंस काय?"

"देवा, भावजीन बोटीर वचूं, काय घरा रावूं?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. "अरे, दोन प्रश्न एका पाकळीत? देव हो म्हणाला ते कशाला?"

माझ्या मुलाने दिलेला चहाचा कप त्याने खाली ठेवला. "तुम्हीच सांगितलंत ना, जाऊ की राहू ते विचार म्हणून?"

"ते तुला सांगितलं. देवाला तसंच सांगायचं असतं?"

"तुमचा देव, तुमची बोट. माका कित्याक मदीं घालतात?"

"तुझी बहीण असती तर..." मी म्हटलं. त्याने कप परत उचलला. मग म्हणाला, "तिने परत विचारलं असतं. पण भट लगेच फोंड्याला गेला कार्याला. बारावं झाल्यावर येणार."

मग माझं मीच ठरवलं. बोटीकडे बँड होता, अधिकारी होते, साहेबाचं भाषण होतं. हिच्याकडे मुलगा, मेव्हणा आणि मी. त्यातल्या मेव्हण्याचं आपण पाहिलंच. मी राहिलो.

बाराव्याची माणसं जेवून गेली. संध्याकाळी विहिरीवर भाताचं मोठं तपेलं घासत होतो तेव्हा सोबत्याचा फोन आला.

"उतरवला बावटा," तो म्हणाला.

"सरळ आला?"

"मध्ये जरा अडकला. मग आला." पलीकडे कोणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. त्यांचंही जेवण असणार. "वहिनींचं नीट झालं?"

"झालं. सगळी माणसं आली. भात उरला."

"किती?"

"ती असती तर उरला नसता," मी म्हटलं. "अंदाज तिचा होता."

पलीकडे भांडी वाजतच होती. मी फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवला, चालूच ठेवला, आणि तपेलं उलटं करून बूड घासायला घेतलं.