कुंकवाखालची अक्षरं

परवा आईची ट्रंक उघडली, तर कापराच्या वासाबरोबर चार पानं हाती आली. अर्थ न लागणाऱ्या इंग्रजी अक्षरांनी गच्च भरलेली.

थोरला भाऊ, अण्णा, मस्कतला नोकरीला गेला तेव्हा त्यानं ईमेलनं फोटो पाठवला होता. बेळगावच्या सायबर कॅफेत फोटो उघडेना, नुसती अक्षरं आली. "ह्यातच फोटो हाय, पण आमच्याकडं उलगडत न्हाय," तिथली पोरगी म्हणाली. मी तीच छापून येळ्ळूरला, घरी आईकडं नेली.

"ह्यात अण्णाचं तोंड कुठं हाय गं?" आईनं विचारलं.

"हितं बघ," म्हणत मी थट्टेनं कुठंतरी बोट ठेवलं. तिनं तिथंच कुंकू लावलं.

अण्णा तिकडंच अपघातात गेला. तिकडून आलेला त्याचा फोटो तेवढाच. आईही आता नाही.

आज मी कॉम्प्युटरवरच काम करते. दोन दिवस बसून ती अक्षरं टाइप केली, फोटो उलगडला. आभाळ आलं, केस आले, कपाळ आलं. पुढची काही अक्षरं कुंकवाखाली होती; ती नसली की पुढचं काहीच उलगडत नाही. तिथून खाली सगळं राखाडी.

कुंकू हलक्या हातानं खरवडलं, तर अण्णा दिसेल. पण त्या कुंकवात आईच्या बोटाच्या रेषा अजून आहेत.