इंटर्न शालनबाय

शालनबाय मला पहिल्यांदा भेटल्या त्या किनाऱ्यावरच्या माझ्याच शॅकसमोर, माझ्याच खाटेवर, माझ्याच छत्रीखाली बसलेल्या. आणि वर मलाच दम देत होत्या, "फुडे पाय टाकू नको रे पुता, सांगान ठेवतंय!" अंगावर नायलॉनची साडी, साडीवर कुठल्याशा संस्थेचा निळा टी-शर्ट, डोक्यावर टोपी आणि हातात पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गोल उंडो. नुकतं उजाडलं होतं. मी म्हटलं, "बाय, ही खाट भाड्याची आसा." त्या म्हणाल्या, "मगे भाडा घे. पण आदी थंय बघ."

उंड्याच्या तुकड्याने त्यांनी दाखवलं. ट्रॅक्टर समुद्रातून वर चढावा तसा माग वाळूत उमटला होता. तो थेट माझ्या खाटांच्या पहिल्या रांगेत घुसला होता आणि वळून परत पाण्यात गेला होता. कासवीण येऊन अंडी घालून गेली होती. पेडण्याचा एवढा लांबलचक किनारा मोकळा पडलेला, पण तिला पसंत पडली ती माझी पहिली रांग. गिऱ्हाईक ज्या रांगेसाठी सकाळपासून टॉवेल टाकून ठेवतात ती रांग! मी तिथेच डोक्याला हात लावला. शालनबाय म्हणाल्या, "तिका बरी जागा कळता हो. तुझी निवड वायट नाय."

सगळ्या जन्मात मी सौद्यात एकदाच हरलो, तो शालनबायपुढे. तोही सरळ मार्गाने नाही. म्हणून हे लिहिताना मी त्यांचं कौतुक करतोय असं कुणी समजू नये. कौतुक होतं ते आपोआप होतं, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा इब्रामपूरचा. किनाऱ्यावरचे लोक अजून मला 'डोंगरातला जयवंत' म्हणतात. डोक्यावर काजूची टोपली घेऊन मी इथे आलो आणि विकत-भांडत, भांडत-विकत शॅकवाला झालो. शालनबाय डिचोलीकडच्या, आमोण्याच्या. त्यांचं आयुष्य गेलं खाणीच्या वजनकाट्यावर. खनिजाने भरलेले ट्रक काट्यावर चढायचे आणि बाई खिडकीत बसून वजन लिहायच्या. जास्त भरून कमी सांगणारे, रांग मोडून पुढे घुसणारे, 'बाय, एकदा सोड' म्हणून गळ घालणारे असले शेकडो ट्रकवाले त्यांनी पचवले होते. कुणी लांबण लावली की त्या म्हणायच्या, "काट्यावर चढ, मगे बोल." खाण बंद झाली, घरात बसवेना, भाचीने मोबाइलवर जाहिरात दाखवली: समुद्री जीव वाचवायला इंटर्न पाहिजेत. वयाची अट लिहायला संस्था विसरली होती. बाईंनी ती चूक बरोबर पकडली.

बाकीचे इंटर्न कॉलेजातले. ते त्यांना 'आंटी' म्हणायला गेले तर बाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं, "आंटी म्हणा नको. आंटी मी कधीचीच आसंय. इंटर्न आत्ता झालंय, ता म्हणा." मग सगळा किनारा त्यांना इंटर्नबाय म्हणू लागला. शॅकमधले पोरगे तर 'इंटर्नबाय इली' असं ओरडून सिगारेटी विझवायचे. गंमत म्हणजे बाईंना समुद्राची भयंकर भीती. मांडवीच्या काठावर जन्म गेला, पण लाट घोट्याला लागली की किंचाळत साडी सावरून मागे पळायच्या. मी विचारलं, "बाय, मगे समुद्रात कित्याक इलात?" तर म्हणाल्या, "समुद्रात खंय इलंय? मी समुद्राच्या दारात बसलंय."

संस्थेची मुख्य होती सायली, पुण्याची, हुशार, पण आमच्या लोकांपुढे फार गोड बोलणारी. ही संस्था अंडी उचलून दुसरीकडे नेत नसे. जिथे घातली तिथेच जाळी लावायची आणि गावाने मिळून राखायची, असा तिचा नियम. म्हणजे पिल्लं बाहेर येईपर्यंत, दीड-दोन महिने, माझ्या पहिल्या रांगेत बांबू आणि जाळी. एवढ्यावर भागलं असतं तर मी बडबड करून गप्प बसलो असतो. पण पिल्लं अंड्यातून निघाली की उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्र चकाकतो म्हणून ती समुद्राकडे जातात. शॅक जास्त चकाकली तर शॅककडे येतात आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या, पायांच्या तावडीत सापडतात. म्हणून सायलीची मागणी: खाटा मागे, आणि पिल्लं निघायच्या सुमाराला संध्याकाळपासून दिवे बंद. ऐन हंगामात! मी म्हटलं, "त्यापेक्षा माका विझव."

सायलीने सभा घेतली. पडद्यावर चित्रं दाखवली, बिस्किटं वाटली. सगळ्या शॅकवाल्यांनी माना डोलावल्या, बिस्किटं खाल्ली आणि घरी गेले. कबूल कुणीच काही केलं नाही. ती रडवेली झाली. शालनबाय तिला म्हणाल्या, "तू रडा नको गो. इकडे मान हलवली तर ता काय वजनात धरीत नाय. राखणदाराकडे जाऊया."

आमच्या किनाऱ्यावर माडांच्या बनात राखणदाराचं स्थान आहे, गावाची राखण करणाऱ्या देवाचं. नवीन जाळं असो, नवी होडी असो, नाहीतर शॅकचा हंगाम, तिथे नारळ ठेवल्याशिवाय कुणी काम करत नाही. एक जाणता माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणी मांडतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका सुरात 'होय म्हाराजा!' म्हणतात. हे लहानपणापासून आमच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की समोरचा थांबला की तोंड उघडतंच. देवापुढे 'होय' म्हटलेलं मोडायची मात्र कुणाची छाती नाही.

एका रविवारी सकाळी बाईंनी सगळ्यांच्या वतीने नारळ आणला. गाऱ्हाणं घालायला बाबलीआबा, गावातला जुना रापणकर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा. मीही गेलो. हंगाम बरा जावा हे तर मलाही हवंच होतं. आदल्या संध्याकाळी बाई आबांच्या पडवीत चहात उंडे बुडवत बराच वेळ बसल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

आबांनी डोळे मिटले. "हे बा राखणदारा म्हाराजा! आज ही समेस्त मंडळी तुका नारळ ठेवता, तो मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यांच्या होड्यांक मासो गावांदे, जाळ्यांक खडप लागा नको, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"शॅकवाल्यांचो धंदो वाढांदे, गिऱ्हाईक भरभरान येवांदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे मी जरा जास्तच जोरात म्हटलं. आबांनी वेग वाढवला. आम्हीही वाढवला. एक मस्त लय लागली.

"आणि ह्या जयवंतान आपल्यो फुडच्यो खाटी मागे घेऊक, आणि कासवाची पोरां भायर येयपर्यंत सांजेचे दिवे विझवूक तुझ्या पायांकडे कबूल केल्यान आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

शेजारचा माणूस माझ्याकडे बघून फसकन हसला आणि मग सगळं माडाचं बन हसत सुटलं. मी ओरडलो, "आबा, हा मी खंय कबूल केलंय?" आबा म्हणाले, "आत्ता केलंस मरे! सगळ्यांनी ऐकला." मी शालनबायकडे वळलो. त्या नारळाची शेंडी सोलत होत्या. "बाय, ही फसवणूक!" "खंयची फसवणूक? काट्यावर तू स्वतः चढलंस. मी फक्त वजन लिवलंय." आणि नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो रागारागाने खाल्ला.

पुढचे दिवस माझे भांडणात गेले आणि खोटं कशाला सांगू, फार मजेत गेले. मी रोज सकाळी नवा मुद्दा घेऊन जाळीपाशी जायचो. खाटा मागे म्हणजे किती मागे, हे गाऱ्हाण्यात कुठे होतं? बाई म्हणायच्या, "बरां, त्या माडापर्यंत." मी म्हणायचो, "त्या नाय, ह्या." मग आम्ही दोन माडांमध्ये उभे राहून तासभर हुज्जत घालायचो. स्वयंपाकघरातला दिवा मी सोडवून घेतला, कारण त्याचं तोंड समुद्राकडे नाही. टेबलांवर लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या चालतील, हेही कबूल करून घेतलं, तेव्हा बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आता जरा तोंड सुटला तुझा!" किनाऱ्यावरच्या कुत्र्यांशीही त्यांचा करार होता. माझ्याच शॅकमधली माशांची डोकी त्यांना घालायच्या आणि बजावायच्या, "खाल्लंत मां? मगे जाळीकडे जावचा नाय." कुत्री ऐकायचीही. डोक्यांची परवानगी मला कुणी विचारली नव्हती.

फेब्रुवारी सरत आला आणि एका संध्याकाळी, सूर्य नुकताच बुडालेला, जाळीमधली वाळू खाली बसली. बाई ओरडल्या, "इली रे, इली!" वाळू उकळल्यासारखी हलली आणि तिच्यातून तळहाताएवढीही नसलेली काळी पिल्लं एकावर एक चढत बाहेर पडू लागली. माझे दिवे बंदच होते. गिऱ्हाईकं जेवण टाकून धावली. सायलीने सगळ्यांना दोन्ही बाजूंना बसवलं, जाळी उचलली, आणि पिल्लं समुद्राकडे निघाली.

आणि मग वळली. सगळीच्या सगळी, उजवीकडे. उजवीकडे रोहिदासची शॅक. गाऱ्हाण्याला तो आलाच नव्हता. त्याच्याकडे त्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याची पार्टी आणि माडामाडाला झगझगीत दिव्यांच्या माळा. लोकांनी चादरी, टेबलक्लॉथ, लुंग्या, हाताला लागेल ते धरून भिंत केली. पण उजेड वरून येत होता, पिल्लं चादरीखालून घुसत होती आणि पलीकडे रोहिदासची कुत्री उठून उभी राहिली होती. त्या कुत्र्यांशी बाईंचा करार नव्हता. बाईंचा आवाज फाटला, "जयवंता, काय तरी कर रे!"

मी धावलो. रोहिदास आणि माझं जुनं वैर. वरच्या रस्त्यावरून किनाऱ्याकडे पायवाट उतरते, तिच्या तोंडाशी माझ्या शॅकचा बोर्ड. उतरणारा माणूस पहिला तोच वाचतो. त्या जागेवरून आम्ही दोघे इतके भांडलो होतो की पंचायतीतले लोक आम्हाला बघून दार लावून घ्यायचे. मी धापा टाकत म्हटलं, "दिवे विझव. पंधरा मिनिटां."

"मी काय होय म्हाराजा म्हटलंय? पार्टी आसा माझ्याकडे."

"काय होया तुका?"

तो हसला. "तुझ्या बोर्डाची जागा."

"घे."

त्याचे डोळे बारीक झाले. "नाय. ह्यात काय तरी भानगड आसा."

"अरे घे म्हणतंय मां!"

"तू असो कसो देशील? माका फसवतंस तू."

आता काय करावं? माणूस हवं ते मागतोय, मी देतोय आणि तो घेत नाही! शेवटी मी त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "रोहिदासा, पाया पडतंय तुझ्या, माझी जागा घे!" तो इतका घाबरला की त्याने धावत जाऊन मेन स्विचच खाली ओढला. सगळा किनारा अंधारात बुडाला. पार्टीतल्या बायका किंचाळल्या, मग त्याही धावत आल्या. पिल्लं थांबली, डोकी इकडेतिकडे केली आणि वळली. पाण्यावर पश्चिमेचा शेवटचा उजेड होता, तिकडे निघाली. शालनबाय त्यांच्या बाजूने गुडघ्यावर रांगत होत्या, "चला गो, चला, बाजूक नको, सरळ!" पहिल्या लाटेने पिल्लं उचलली आणि दुसऱ्या लाटेने शालनबायना. त्या कमरेपर्यंत भिजल्या, टोपी वाहून गेली आणि किंचाळायचं विसरून टाळ्या वाजवत राहिल्या. रोहिदास आणि मी कधी एकमेकांच्या गळ्यात पडलो, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनीही ते नाकारलं.

भिजल्या साडीनिशी बाई माझ्याकडे आल्या. "काय दिलंस तेका?" मी सांगितलं. मला वाटलं, आता डोळे पुसतील. त्या भडकल्याच. "पयल्याच बोलीक? जागा, सगळी? अरे, निदान अर्धी तरी म्हणायची! मी तुका इतके दिवस काय शिकयलंय?" मी म्हटलं, "बाय, पिल्लां चालत होती!" "चालत होती मां? उडत नाय होती!" आणि त्या खरंच इतक्या रागावल्या की जेवल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्यांची इंटर्नशिप संपली. बॅग माझ्याकडे ठेवून त्या रोहिदासच्या शॅकमध्ये गेल्या. इतका वेळ बाहेर आल्या नाहीत की त्यांची बस गेली, दुसरीही गेली. आतून फक्त आवाज येत होते, आधी दोघांचे, मग एकट्या बाईंचे. बाहेर आल्या तेव्हा रोहिदास मागे मागे, ट्रकवाल्यासारखा. पायवाटेच्या तोंडाशी आता एकाच खांबावर दोन बोर्ड लागणार होते. "वर कोणाचो?" मी विचारलं. "तेचो. माका तिसरी बस चुकवूची नव्हती."

बस आली. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगितलं, "तू तेच्याकडे रोज जा! दोन महिन्यात वर घेशील!"

शालनबाय पुन्हा आल्या नाहीत. हल्ली त्या मुरगावच्या बाजूला इंटर्न आहेत, समुद्रात पडलेली तुटकी जाळी गोळा करणाऱ्यांकडे. तिथल्या बोटवाल्यांची मला दया येते. मी मात्र त्यांनी सांगितलं तसं रोज रोहिदासकडे जातो. तो चहा देतो, आम्ही भांडतो. बोर्ड अजून खालीच आहे, आणि त्याबद्दल मी बाईंना फोन करून नियमाने शिव्या घालतो. त्या विचारतात, "भांडण बरां चल्ला मां?" मी म्हणतो, फार बरं चाललंय.