भट्टीपुढचा श्वास

माझी शाळा सातवीतच सुटली, आणि मामाचं बोट धरून मी विदर्भात नांदुऱ्याच्या स्टेशनवर उतरलो. आमच्या सांगलीकडच्या दुष्काळी गावांतली कितीतरी पोरं अशीच मुलूख सोडून गलाईच्या धंद्यात जातात. गलाई म्हणजे सोनारांकडून आलेले जुने, तुटके दागिने मुशीत वितळवायचे आणि चांदी-सोनं शुद्ध करून लगड पाडायची. आता खामगावात माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. मामा नाही राहिला, पण त्याने शिकवलेलं काम आहे. दुसरं मला काही येत नाही, आणि म्हणूनच कंबर धरली तेव्हा मी घाबरलो.

आधी सकाळी उठताना दुखायचं, मग दिवसभर. भट्टीपुढे उकिडवं बसून अख्खं तारुण्य गेलेलं, त्याचं आश्चर्य नव्हतं. भीती दुसरीच होती. सांडशीत लालभडक मूस धरलेली आणि मध्येच कंबरेत चमक निघाली तर? सांडलेली चांदी गोळा करता येते, भाजलेला पाय नाही. गावाकडे थोरल्या भावाला हे कळलं, तसा त्याचा फोन रोज यायला लागला. दुकान हाताखालच्या पुतण्याच्या हवाली कर आणि परत ये, डाळिंबाच्या बागेकडे बघ, असं त्याचं म्हणणं. तो मायेनेच म्हणायचा. पण पोरं इथल्या शाळेत, आणि डाळिंबातलं मला काय कळतंय?

डॉक्टरांनी तपासून घेतलं, फोटो काढले. शीर दबलेली नाही, ऑपरेशनची गरज नाही, पण पडून राहू नका, म्हणाले. आणि त्यांनी मला एका बाईंच्या योगवर्गाला धाडलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी शाळेच्याच हॉलमध्ये सतरंज्या पसरून कंबरदुखीवाल्यांचा वर्ग घ्यायच्या.

मी जीव लावून करायचो. बाई जेवढं सांगतील त्याच्यापेक्षा चार बोटं जास्तच वाकायचो, वर उठायचो. दुखणं मात्र तिथंच. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर चाचा माझ्या शेजारच्या सतरंजीवर असत. माझं लाल झालेलं तोंड बघून ते एकदा म्हणाले, "सांगलीवाले, आसन करून राह्यले का कुस्ती?" सगळे हसले, मीही हसलो. मनात मात्र आलं, हेही आपल्याला जमणार नाही, आता गावच.

मग एका सकाळी भुजंगासन चाललेलं असताना बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मान खाली करून त्यांनी कान दिला.

"भाऊ, तुमचा श्वासच ऐकू येऊन नाही राह्यला मले," त्या म्हणाल्या. "काऊन धरून ठेवला?"

मी श्वास धरलाय हे मलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी कामाचं विचारलं तेव्हा सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. मूस उचलायच्या आधी मामा छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि साचा भरेपर्यंत तो सोडू द्यायचा नाही. धूर आत जात नाही आणि हात हलत नाही. त्या वेळी पोट दगडासारखं होतं, पाठ ताठ. हे इतकं अंगात मुरलं की गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं तरी माझा श्वास थांबतो, भावाचा फोन वाजला तरी थांबतो.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे सकाळी इथंबी तुम्ही चांदीच ओतून राह्यले," एवढंच म्हणाल्या.

"मंग एखादी लगड आम्हालेबी द्या ना," चाचा पडल्या पडल्या बोलले.

त्या दिवसापासून बाईंनी माझी निम्मी आसनं काढून टाकली. पाठीवर निजायचं, गुडघे दुमडायचे, पोटावर हात ठेवून श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. उठायचं ते श्वास सोडत सोडत, आणि दुखलं की तिथंच थांबायचं. आजाऱ्यासारखं निजून राहायची मला लाज वाटायची. पण हळूहळू पाठ सैल व्हायला लागली. सकाळी चपला वाकून घालता यायला लागल्या. दुकानाचंही बाईंनीच बजावलं की धुरात श्वास घ्यायला मी सांगत नाही, आधी धूर बाहेर काढा. मग भट्टी विटांच्या ओट्यावर उंच घेतली, भिंतीत धूर ओढणारा पंखा बसवला, आणि मी उभ्याने काम करायला लागलो.

पहिल्यांदा तसं, श्वास सोडत सोडत ओतलं. थोडी चांदी साच्याच्या काठावरून ओघळली. पण श्वास सावकाश सुटत होता, आणि मूस खाली ठेवेपर्यंत कंबर काही बोलली नाही. मी दुकानाच्या पायरीवर येऊन नुसता बसून राहिलो. डोळे भरून आले होते. कुणाचे आभार मानावेत ते कळेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, वाकताना पुन्हा श्वास धरला तुम्ही.

दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. थंडीत उठताना पाठ आठवण देते. वर्ग मी चुकवत नाही. मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला, तेच बोलणं झालं. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "दादा, दिवाळीला येतो. पण परतीचं तिकीट काढूनच येतो."

त्याने विचारलं, रात्रभर गाडीत बसवेल का तुला?

बसवेल, म्हणालो.