चित्रातली लाल पट्टी

तुमचं काम दिसायला सोपं आहे म्हणून ते कामच नव्हे, असं तुम्हाला कोणी तोंडावर सांगितलंय का कधी? सांगितलं असेल, तर चौकटबाई तुम्हाला लगेच जवळची वाटेल. आणि तुम्हीच कोणाला सांगितलं असेल, तर तुम्हीही वाचा. पळू नका.

चौकटबाई हे काही तिचं खरं नाव नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीने तिला ते चिकटवलं होतं, कारण दिवसभर ती चौकटीच काढायची. कॉम्प्युटरवर स्क्रीन रचायचं एक टूल असतं. त्याच्या डाव्या कडेला तयार तुकड्यांचा पट्टा असतो: बटणं, रकाने, याद्या. मधे रिकामी स्क्रीन. माउसने तुकडा उचलायचा, ओढत आणायचा, हवा तिथे सोडायचा. उजव्या कडेला त्या तुकड्याची सगळी कुंडली: रंग कोणता, रुंदी किती, अक्षर केवढं. ती बदलली की तुकडा बदलतो, आणि मागचा थोडाफार कोड ते टूल आपलं आपण लिहून टाकतं. एवढंच. पण एवढ्यावर तिचा हात असा बसला होता, की बघणाऱ्याला वाटावं बाई पत्ते पिसतेय.

आधी ती त्याच कंपनीत तक्रारींचा फोन घ्यायची. लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन तिला एक गोष्ट कळली होती. माणसाला आत काय चाललंय याच्याशी घेणं नसतं, समोर जे दिसतं त्यावर तो चिडतो. 'सेव्ह'चं बटण 'डिलीट'ला खेटून कोणत्या शहाण्याने ठेवलं, असं विचारताना एक दुकानदार फोनवर रडला होता. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या कॉम्प्युटरवर बसून ती हे टूल शिकली. शिकवायला कोणी नव्हतं. हसायला मात्र सगळे होते.

सगळ्यांत पुढे दाढी. कंपनीतला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर, कोडची ओळन्‌ओळ हाताने लिहिणारा आणि त्याचा टेंभा मिरवणारा.

"ए चौकटे, झाली का चित्रकला?"

"झाली. तुझं लिखाण झालं का, की अजून दाढीच कुरवाळतोयस?"

"मी कोड लिहितो. तू खेळणी ओढतेस."

"ओढते की. तुला एक बटण हलवायला अर्धा दिवस लागतो. मी समोरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत हलवते."

यात बढाई नव्हती. कंपनीला एका इस्पितळाचं काम मिळालं होतं. वॉर्डातल्या सिस्टर लोकांनी औषधं देताना हातातल्या टॅबवर पेशंट उघडायचा, औषध बघायचं, दिलं की खूण करायची. बाकीचे ऑफिसात बसून अंदाज बांधत होते. चौकटबाई लॅपटॉप काखेत मारून सरळ वॉर्डात गेली आणि सिस्टरांच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसली.

"हे बटण वर नको," एक सिस्टर म्हणाली. "एका हातात ट्रे असतो, अंगठा पोचत नाही."

बटण खाली आलं.

"आणि हातमोजे घातले की बारीक बटण लागतच नाही बघ."

बटण मोठं झालं.

"अगंबाई! इतक्यात?"

"आणखी सांगा. बोलायला काय जातंय?"

त्या सुचवत गेल्या, ही हलवत गेली. ऑफिसात पत्रं पाठवून, मीटिंगा भरवून महिनाभरात जे ठरलं नसतं, ते एका दुपारी ठरलं. या टूलची खरी ताकद ती हीच. चुकीची किंमत इतकी कमी, की माणूस बिनधास्त चुकतो आणि लगेच सुधारतो.

वॉर्डाची मुख्य म्हणजे मेट्रन. उंच, कोरड्या आवाजाची, हसली तर सिस्टर लोक घाबरायच्या. तिची मागणी एकच होती. सिस्टरांच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा होता. कोणत्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, ते त्यावर लाल पेनाने लिहिलेलं असायचं. येता जाता कोणाचा तरी कोपरा लागायचा आणि अर्धं नाव पुसलं जायचं.

"मला ते स्क्रीनवर पाहिजे," मेट्रन म्हणाली. "झोपेत असलेल्या सिस्टरलाही दिसेल असं."

चौकटबाईने मग जीव ओतून एक लाल पट्टी काढली. स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर ठसठशीत पांढरी अक्षरं: या पेशंटला हे औषध देऊ नका. नमुन्यासाठी एक खोटा पेशंट घातला, त्याच्यावर पट्टी लावली. पट्टी हलकेच उजळायची, मंदावायची. 'सेव्ह' दाबलं की 'नोंद झाली' असा हिरवा निरोपही तिने काढून ठेवला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिलाही थोडी चढली होती. आपलं चित्र खऱ्यासारखं दिसतंय याचा तिला अभिमान वाटला, आणि खऱ्यासारखं दिसणारं चित्र कोणाच्या हातात काय होऊ शकतं, हा विचार शिवलाही नाही.

कारण पट्टीच्या मागे काही नव्हतं. इस्पितळाच्या जुन्या कॉम्प्युटरमधून पेशंटची माहिती आणून पट्टीला जोडायची, हे काम दाढीचं. त्याने त्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. पट्टी त्या खोट्या पेशंटवर दिसायची, कारण ती तिथे काढलेली होती. बस.

हे चित्र साहेबाने पाहिलं. साहेब म्हणजे कंपनीचा मालक. पाहून खूश झाला आणि तडक इस्पितळाला कबूल करून बसला की सोमवारपासून एक वॉर्ड सुरू. मग चौकटबाईला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या डेमोला तूच बस. हा पेशंट उघड, पट्टी दाखव, सेव्ह दाब, हिरवा निरोप दाखव. खेळ खलास. बाकी कुठे हात लावू नकोस."

"सर, पट्टी जोडलेली नाही."

"पेशंटची यादी सोमवारपर्यंत जोडेल दाढी, पट्टी पुढच्या आठवडाभरात. आठवड्यात असं काय आभाळ कोसळतंय?"

"आठवडाभर सिस्टर त्या पट्टीवर विसंबतील."

साहेब खुर्चीत मागे रेलला. "हे बघ. या महिन्यात एका माणसाला कायम करायचंय. माझ्या मनात तुझं नाव आहे. आता मला तोंडघशी पाडायचं का ते तू ठरव."

कायम. ती इतकी वर्षं कंत्राटावर होती. दर वेळी मुदत संपत आली की घरात आवाज खाली यायचे. घरात ती आणि आई, आणि आईचं शिलाईचं मशिन. संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या एकेक काढत ती म्हणाली,

"कायम करतायत ना? मग दाब की ते बटण. तुझ्या बोटाचं काय झिजतंय?"

"आई, अगं, त्या पट्टीवर माणसांचे जीव आहेत."

"आणि या घरात काय बाहुल्या राहतात? खरं बोलायचा मक्ता आपल्याच घराण्याने घेतलाय का? साहेबाला घेऊ दे की थोडा."

"त्याला झेपायचा नाही."

"तुला तरी झेपतोय का? तोंड बघ आरशात."

चौकटबाईने ताट सरकवलं. आई परत टाचण्या तोंडात धरून बसली, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर चौकटबाईची स्क्रीन झळकली. समोर इस्पितळाचे संचालक, दोन डॉक्टर, मेट्रन आणि तिच्या मागे वॉर्डातल्या सिस्टर. साहेब उभा राहून बोलत होता, चौकटबाई लॅपटॉपवर बसली होती. तिने पेशंट उघडला. लाल पट्टी उजळली. सिस्टरांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. एक डॉक्टर टाळी वाजवायला लागला.

मेट्रनने हात वर केला. "ही पट्टी आपोआप येते? प्रत्येक पेशंटला?"

"आपोआप," साहेब म्हणाला. डोळ्याची पापणीही लवली नाही.

"बरं झालं. सोमवारी फळा उतरवायला लावते मग."

चौकटबाईचा हात माउसवरच थांबला. साहेबाने घसा खाकरला. पुढचं बटण 'सेव्ह'चं होतं, दाबायचं आणि गप्प बसायचं. पण तिच्या डोक्यात आता सेव्ह नव्हतं. फळा उतरलेली भिंत होती, आणि टॅबकडे बघून बिनधास्त सुई भरणारी सिस्टर होती.

ती उठली. "मेट्रनबाई, तुम्ही बसा इथे."

"कशाला?" साहेब मधेच. "ती दाखवतेय ना!"

"वापरणार त्या आहेत. त्यांनाच बघू दे. बसा. दुसरा कोणताही पेशंट उघडा."

मेट्रन बसली. यादीतलं दुसरं नाव दाबलं. स्क्रीनवर तोच पेशंट. तिसरं दाबलं. तोच. तीच पट्टी तशीच उजळत होती.

"हा तर तोच आहे!"

"तोच येणार. कुठेही बोट लावा. हे चित्र आहे, मेट्रनबाई. मागे काहीच जोडलेलं नाही. पट्टी नाही, सेव्ह नाही. सोमवारी फळा उतरवू नका."

साहेब हसला, ते कोणालाच आवडण्यासारखं हसणं नव्हतं. "ती थोडी दमलीय..."

"मी दमलेली नाही," चौकटबाई म्हणाली. "दमले असते तर सेव्ह दाबून मोकळी झाले असते."

आता मेट्रन तिला शाबासकी देईल असं वाटलं असेल, तर तुम्ही मेट्रनला ओळखलंच नाहीत. ती तिच्याकडे वळली आणि कडाडली,

"आणि हे काढलं कोणी? तूच ना? आमच्या खोलीत बसून, आमचा चहा पिऊन? तेव्हा नाही तोंड उघडलंस!"

"मीच काढलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. ती चूक माझी. पण चित्राला औषध म्हणून विकणं माझ्या हातून होणार नाही."

साहेब तिला न घेताच गाडीत बसून निघून गेला. ती चालत परत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसराच कोणीतरी बसलेला, आणि तिची एकुलती एक वस्तू, पाण्याचा तांब्या, परत तक्रारींच्या फोनशेजारी ठेवलेली. कायम कोण झालं? साहेबाचा भाचा. विचारायलाच नको होतं.

"हौस फिटली?" आई म्हणाली, आणि बरेच दिवस मोजकंच बोलली.

चौकटबाई रडली नाही. तिने फोन उचलायला सुरुवात केली, पूर्वीपेक्षा जरा जास्तच मोठ्या आवाजात. आणि एका सकाळी फोनवर तो कोरडा आवाज आला.

"तक्रार लिहून घ्यायचीय."

"सांगा."

"आमच्या वॉर्डात एक चित्र काढणारी यायची. तिच्या जागी तुमच्या साहेबाच्या भाच्याला पाठवलंय. त्याला हातमोजे म्हणजे काय ते माहीत नाही. ती बाई परत येईपर्यंत आम्ही काही बघणार नाही, काही मान्य करणार नाही. लिहिलंस का?"

"लिहिलं," चौकटबाई म्हणाली, आणि तो कागद तिने सरळ साहेबाकडे पाठवला.

इस्पितळ हातचं गेलं असतं, म्हणून साहेबाने तिला परत टेबल दिलं. कायम नाही केलं. आजही नाही. पण टेबलावर बसताच तिने पहिलं काम काय केलं ऐका. टूलमधल्या तयार तुकड्यांच्या पट्ट्यातच हात घातला. आता नवं बटण ओढून आणलं, की ते राखाडी रंगाचं, तुटक रेघेच्या कडेचं येतं, आणि वर लिहिलेलं असतं: हे अजून चित्र आहे. हाताने रंग भरायची सोय तिने स्वतःकडेही ठेवली नाही. मागचा कोड खरोखर उत्तर द्यायला लागला, की तुकडा आपोआप रंग धरतो. ही जोडणी करायला ती दाढीकडे गेली.

"म्हणजे आता मी रंगारी?" दाढी म्हणाला.

"रंग तुझ्याच हातात देतेय. आणखी काय हवं?"

दाढीने कुरकुर करत जोडणी केली. मग त्याच्याच लक्षात आलं की 'स्क्रीन तयार आहे, मग अजून का होत नाही' म्हणून त्याच्या डोक्यावर बसणारे लोक बंद झाले. ज्याला बघायचंय त्याने बघावं, राखाडी आहे तोवर काम बाकी आहे. सिस्टर लोक राखाडी स्क्रीन बघून भराभर सांगायला लागल्या: हे आधी जोडा, ते नंतर चालेल, हे तर नकोच. चित्र खऱ्याचं सोंग घेत नव्हतं, म्हणून त्याच्याशी मोकळेपणी भांडता येत होतं. काम पूर्वीपेक्षा वेगाने व्हायला लागलं.

साहेबाला अर्थातच ते खुपलं. "गिऱ्हाइकाला राखाडी दाखवायचं? दुकानाला टाळं लावायचंय का?" म्हणून त्याने ती सोय काढून टाकायला लावली. तिने परत घातली. त्याने परत काढवली. तिने परत घातली. आता तो तिच्या टेबलावरून जाताना दुसरीकडे बघतो.

लाल पट्टी पुढे खरी झाली. मेट्रनने वॉर्डातला एकेक पेशंट टॅबवर स्वतः उघडून ती तपासली, आणि फळा तरीही भिंतीवरच ठेवला. "असू दे," म्हणाली. चौकटबाईला त्याचा राग नाही आला. पटलंच.

तेव्हा माझं तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, हक्काने करतोय. कचेरीत, शाळेत, इस्पितळात कोणी तुमच्यासमोर गुळगुळीत नवी स्क्रीन आणून भराभर बोटं फिरवत असेल, तर टाळ्या वाजवू नका. उठा, त्याला खुर्चीवरून उठवा, स्वतः बसा, आणि त्याने न दाखवलेलं बटण दाबून बघा.