पहिला घोट

आलं ठेचल्याचा वास आला की मला खिडकीच्या गजाशी पालथा घातलेला, कान तुटलेला एक कप आठवतो. देवासच्या आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी तो मीच वेगळा ठेवला होता, आणि वर स्वतःला सुधारलेली समजत होते, कारण त्यांच्याही चहात मी आलं घालायचे! एकदा पीथमपूरला नोकरी करणारी माझी नात सुट्टीवर आली आणि भरदुपारी पडदे ओढून तिनं मला आणि बाईंना भुताचा सिनेमा दाखवला. त्यातली मालकीण मोलकरणीला जन्मभर वेगळ्या कपात चहा देते, एक दिवस चांगल्या कपात विष घालून देते, आणि मग मोलकरणीचं भूत घरातले सगळे कप फोडत सुटतं. बाई मजेत सेव खात बघत होत्या. घाम फुटला तो मला. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं पाहुण्यांच्या फुलाफुलांच्या कपात त्यांना चहा दिला. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पेलां तम पियो, मांजी!" आधी मी आणि मग त्या, एकाच कपातून दोघींनी प्यायचं? सिनेमातल्या भुतापेक्षा माझे सोवळ्यातले पूर्वज मला भयंकर वाटले. पण नाही म्हटलं असतं तर विष घातल्याचं कबूल केल्यासारखंच झालं असतं! मी डोळे मिटून घोट घेतला. बाई पदरात तोंड लपवून हसल्या आणि उरलेला चहा त्याच कपातून प्यायल्या. तुटका कप मी त्याच दिवशी फोडला. म्हटलं, भुताला कशाला तसदी? अजूनही चहा पुढे केला की बाई भुवया उडवतात आणि पहिला घोट मीच घेते.