चावून दाखवा

पंचवटीच्या भाजीबाजारामागे, एका जिन्याखाली, चेनसाहेबांचा दातांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे काय, तर बापाने कलकत्त्याहून आणलेली लोखंडी खुर्ची, पायाने फिरवायचं एक यंत्र आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. ज्याला ज्याला त्यांनी कवळी बसवली, त्याच्या जबड्याचा साचा तिथे नाव घालून ठेवलेला. मागे एक खोली, तिथे ते एकटे राहत.

पाच वर्षांचे असताना चीनमधून बापाचं बोट धरून ते कलकत्त्याला आले आणि तिथून नाशकात. बाप गेला, दवाखाना मुलाकडे आला. डिग्री नव्हती, पण हात असा होता की पेठ-सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतची म्हातारी माणसं त्यांच्याकडेच यायची. मराठी ते भाजीवाल्या बायकांकडून शिकले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलण्यात सहसा कुणी जिंकत नसे.

त्यांचा एक नियम होता. कवळी बसवली की दुसरे डॉक्टर आरसा देत आणि हसायला सांगत. चेनसाहेब म्हणत, "हसू नका. चावून दाखवा." मग मागच्या खोलीतून बाजरीची भाकरी यायची. ती स्वतः थापलेली. सुरुवातीच्या भाकरींना म्हणे कोपरे असायचे, पण पुढे हात बसला. एक तुकडा नीट चावून गिळल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठता येत नसे.

पेशंट एक तुकडा खायचे आणि उठायचे. दुसरा कुणी मागितला नाही. चहा विचारला तर "आत्ताच झाला" असं ठरलेलं उत्तर. घरमालकाच्या अटीपायी चेनसाहेबांनी अंडंसुद्धा सोडलं होतं, पण गावाने एकदा ठरवलं की चिनी माणूस बेडूक खातो, तर तो खातोच. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? दिवाळीत फराळाची ताटं त्यांच्या दारावरून शेजारच्या घरात जायची. जिभेची आशा वाईट. दरवर्षी ते दार उघडं ठेवून बसायचे.

चीनबरोबरच्या बासष्टच्या लढाईनंतर त्यांच्यामागे आणखी एक गोष्ट लागली. दर सोमवारी पोलीस चौकीत जाऊन सही करायची आणि शहराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर आधी वरून परवानगी आणायची. कलकत्त्याची एक मुलगी ठरली होती, तिच्याशी लग्न त्यातच बारगळलं. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. चोरासारखी हजेरी देणाऱ्या माणसापुढे कोण तोंड उघडून बसेल, ही त्यांची भीती. दारावर त्यांनी 'सोमवारी बंद' अशी पाटी लावली. बाजाराने तिचाही अर्थ लावला, की चिनी डॉक्टर महादेवाचा सोमवार करतो.

चौऱ्याहत्तरच्या माघात विंचूरचा कारभारी नावाचा कांदेवाला शेतकरी कवळी न्यायला आला. चेनसाहेबांनी भाकरी पुढे केली. त्याने एक तुकडा खाल्ला, दुसरा मोडला आणि विचारलं, "डाक्तर, मिरची हाय का घरात?" चेनसाहेब हातातलं काम टाकून उठले. मग धावत आत जाऊन त्यांनी मिरची वाटली. कारभारीने अख्खी भाकरी संपवली, वर चहा घेतला आणि मिशी पुसत म्हणाला, "वैशाखात लेकीचं लगीन हाय. मला पंगतीत कडक लाडू चावायचाय. अन् तुम्ही यायचं. तुमचं पान माझ्या शेजारी, काय समजले?"

इतक्या वर्षांत त्यांना जेवायला बोलावणारा हा पहिला माणूस. त्याच दिवशी त्यांनी चौकीत अर्ज दिला. हवालदार सावळीराम त्यांची सही घ्यायचा. माणूस भला होता, त्याने अर्ज हातोहात वर पाठवला. चेनसाहेबांनी नवा सदरा शिवला. आहेराला पितळी कळशी घेतली आणि तिच्यावर नाव घालून घेतलं. चैत्र गेला, परवानगी आली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सावळीराम खाली बघत म्हणाला, "साहेब, मी आपलं जा म्हटलं असतं. पण कुणी चुगली केली तर दवाखाना जाईल तुमचा."

त्या संध्याकाळी त्यांनी विंचूरला कार्ड टाकलं, "दवाखान्यात फार गर्दी आहे. येणं जमणार नाही." गर्दी कसली! वैशाखाच्या उन्हात बाजारात कुत्रं फिरकत नव्हतं. परवानगीचा कागद लग्नानंतर चौथ्या दिवशी आला.

कारभारी पुन्हा दवाखान्यात आला नाही. चेनसाहेब कुणाकडे जात नाहीत, मोठा मानी माणूस आहे, असं हळूहळू बोललं जाऊ लागलं आणि मग विचारायचंच कुणी उरलं नाही. पुढची दहा वर्षं त्यांनी शेकडो लोकांना जेवतं केलं आणि स्वतः फळ्यांवरच्या जबड्यांसमोर बसून एकटेच जेवले. कधी कधी ते कारभारीचा साचा खाली काढत, धूळ पुसत आणि जागेवर ठेवत. फार एकटं वाटायचं त्यांना. पण ते कुणाला सांगायचं?

चौऱ्याऐंशी साली हुकूम निघाला. चेनसाहेब आता इथलेच नागरिक. सही नको, परवानगी नको. सावळीराम रिटायर व्हायला आला होता, तो स्वतः कागद घेऊन आला. "सुटलात साहेब. आता कुठं बी जा." कुठे जायचं? दोन दिवस त्यांनी विचार केला. अख्ख्या मुलखात त्यांना एकाच घराने बोलावलं होतं. त्यांनी कळशी काढली, चिंचेने घासली आणि विंचूरची एसटी धरली.

दारात कारभारीची बायको ठमाबाई कांद्याची पात निवडत बसली होती. चेनसाहेब गडबडीने म्हणाले, "कारभारींची कवळी सैल झाली असेल. म्हटलं, बघून यावं." आणि मग त्यांना तिचं मोकळं कपाळ दिसलं.

"दोन वर्सं झाली डाक्तर," ती म्हणाली. त्यांच्यासाठी पाट टाकून ती आत गेली आणि फडताळातून एक वाटी घेऊन आली. वाटीत कवळी होती. चेनसाहेबांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"डाव्या बाजूने चावायचे."

"व्हय. लाडू बी डाव्याच बाजूनं खाल्ला." "पर त्या दिवशी नाय. पंगत बसली तरी तुमचं पान तसंच शेजारी वाढून ठिवलं व्हतं. डाक्तर आल्याबिगर जेवणार नाय म्हनले. दिवस कलला, मंग तुमचं पान गाईला घातलं. तिसऱ्या दिवशी तुमचं कारड आलं, गर्दी हाय म्हनून. लय लागलं त्यांना."

तेव्हा चेनसाहेबांनी सांगितलं. सोमवार, सही, अर्ज, चार दिवस उशिरा आलेला कागद. बावीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी त्या म्हातारीला सांगितलं. पुन्हा निवडायला घेतलेली पात हातात तशीच धरून ती ऐकत राहिली.

"अन् हे सांगाया काय झालं व्हतं?" ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्हाला हद्द व्हती, आम्हाला कुठं व्हती? टोपल्या भरून घिऊन आलो असतो की नाशकाला! तुमच्या दारात पंगत बसवली असती त्यांनी!"

चेनसाहेबांनी मांडीवरची कळशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दहा वर्षांत एकदाही नाही. ते म्हाताऱ्या माणसासारखे तोंड वेडंवाकडं करून रडले.

ठमाबाईने चूल पेटवली. भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा असं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. शेजारी दुसरा पाट मांडला आणि त्यावर ती कवळीची वाटी ठेवली. चेनसाहेबांनी एक तुकडा तोंडात घातला आणि ते त्या वाटीकडे बघत बसले.

"चावा डाक्तर," ती समोर बसून म्हणाली. "चावून दाखवल्याबिगर उठायचं नाय. तुमचाच नेम हाय, हे साऱ्या गावाला सांगायचे."

त्यांनी शेजारच्या पाटाकडे एकदा पाहिलं आणि दुसरा तुकडा मोडला.